डिसेंबरात गुलमर्ग : हॉटेल मिळतंय, बर्फाचं काय?

कुळागर
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५, रात्री ९:१४

चवथ आटपली, गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी उतरली, आणि आता घरात एकच विषय चाललाय. आई-बाबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत. त्यानिमित्त सगळ्यांनी मिळून बर्फात जायचं ठरलंय. आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. यावेळी काटकसर करायची नाही असा बायकोचा हुकूम आहे. खिडकीतून देवदार दिसले पाहिजेत, गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव हवा, स्पा हवा, आणि दारातून बाहेर पडलं की उतार समोर. मला आणि पोरांना स्कीइंग शिकायचंय. बाकीची मंडळी बर्फ बघणार आणि कहवा पिणार.

अडचण तारखांची आहे. मांद्र्याला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे. २० डिसेंबर ते ५ जानेवारी मी गोव्याबाहेर पाय टाकू शकत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून १२ ते १९ डिसेंबर धरलेत. गोवा मुक्तिदिनाला, १९ ला, परत घरी.

गुलमर्गच्या एका बड्या हॉटेलाने दर दिलाय. आत्ता पूर्ण पैसे भरले तर चांगली सूट, पण रद्द केलं तर एक दमडी परत नाही. फोनवर विचारलं, बर्फ असेल ना? ‘सर, डिसेंबर में तो हंड्रेड परसेंट.’ हे हंड्रेड परसेंट ऐकूनच मला धास्ती बसली. आम्हीसुद्धा पाहुण्यांना बीच दोन मिनिटांवर असल्याचं सांगतो.

दुसरा पर्याय आल्प्सचा. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर आई काश्मीर नको म्हणते, बाबा म्हणतात तिथेच जायचं. तो वाद घरातला आहे, आम्ही निस्तरू. इथे मला फक्त बर्फाचं सांगा. डिसेंबरच्या मध्यावर पैसे टाकावेत का?


घुमट
मंगळवार, १६ सप्टेंबर, रात्री ९:३१

तू स्कीइंग करणार? रायबंदरच्या फेरीबोटीत चढताना तुला रेलिंग लागतं रे. वाचतोय. चालू दे.


खडप
मंगळवार, १६ सप्टेंबर, रात्री ११:०२

कुळागर, पैसे भरू नकोस. निदान त्या अटीवर तरी नको. का ते सांगतो, जरा लांबेल.

हॉटेलवाला खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात गुलमर्गला बर्फ असतो हे बहुतेक वर्षी खरंच असतं. पण कुठल्या उंचीवर असतो आणि कुणाच्या उपयोगाचा असतो, हे त्याने सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. गुलमर्गचं मैदान साधारण २६५० मीटरवर आहे. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, ते ३०५० मीटरच्या आसपास. दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर नेतो, तिथे जवळजवळ ३९५० मीटर उंची होते. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे मैदानात दुपारी पाच अंश असताना वर शून्याच्या खाली असतं. एकाच दिवशी, एकाच ढगातून खाली पाऊस आणि वर बर्फ पडताना मी पाहिलाय.

त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर अफरवतवर पांढरं दिसण्याची शक्यता चांगलीच असते. आणि तुम्हा तिघांना त्याचा काडीचा उपयोग नसतो. वरचे उतार उभे आहेत, यंत्राने दाबलेले नाहीत, हिमस्खलनाच्या वाटेत आहेत. जगभरातले मुरलेले स्कीवाले गुलमर्गला येतात ते त्यासाठीच. शिकाऊ माणूस शिकतो तो खाली मैदानात, गंडोलाच्या आसपासच्या मऊ उतारांवर. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, त्याच भागात. म्हणजे ज्याला सर्वांत कमी येतं, त्याला सर्वांत खालचा बर्फ लागतो, आणि हंगामाच्या सुरुवातीला सर्वांत बेभरवशाचा तोच.

पहिला बर्फ पडला म्हणजे हंगाम लागला असंही नाही. नोव्हेंबरात पडतो, फोटो फिरतात, पण जमीन अजून उबदार असते. चार दिवस ऊन पडलं की गवत परत वर. एकावर एक थर बसून, दबून, खाली घट्ट तळ तयार व्हावा लागतो. त्याला बेस म्हणतात. मैदानातल्या गवतावर ३०-४० सेंटिमीटर चांगला दबलेला बेस असला तरी शिकता येतं. वर दगडधोंड्यांत मीटरभरही कमी पडतो.

पातळ बेसची आणखी एक भानगड आहे. थर पातळ आणि रात्री कडक थंड असल्या की खालच्या बर्फाचे कण सुटे, खरखरीत होतात. त्यावर पुढे जड बर्फ पडला की सगळंच्या सगळं घसरायला टपलेलं असतं. म्हणून सुरुवातीच्या मोठ्या हिमवर्षावानंतर ताबडतोब फेज टूला, म्हणजे गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याला, धावायचं नसतं. गस्तीपथक मोकळं करेपर्यंत थांबायचं. २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीपटू गुलमर्गला हिमस्खलनात गेला.

आणि डिसेंबर सोड, २०२४ चा जानेवारी आठवा. संपूर्ण काश्मीर कोरडं. गुलमर्गच्या मैदानात पिवळं गवत, त्यावर टुरिस्ट कोट घालून उभे. बर्फ आला तो महिनाअखेरीस. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ ते २५ फेब्रुवारीला ठरला होता. बर्फ नाही म्हणून पुढे ढकलला, ९ ते १२ मार्चला झाला. सरकारची स्पर्धा थांबू शकते. तुझं १९ डिसेंबरचं विमान थांबणार नाही.


आबोली
बुधवार, १७ सप्टेंबर, सकाळी ८:४५

खडप म्हणतात ते बरोबर, पण इतकं घाबरवू नका हो. आम्ही मुलांना घेऊन डिसेंबरच्या मध्यावर गेलो होतो. मैदानात बर्फ जेमतेम, सावलीच्या कडेला साठलेला. गंडोलाने कोंगडोरीला गेलो तर तिथे मुलांना लोळायला भरपूर. पोरं दोन तास बर्फात लोळली, नाकं लाल करून आली, खूष होती. स्कीइंग झालं नाही, पण आमचा तो उद्देशच नव्हता.

मुलांना बर्फ ‘दाखवायचा’ असेल तर डिसेंबर चालतो. शिकवायचं असेल तर नाही. तुमच्या लेकीला तुम्ही काय सांगून ठेवलंय, त्यावर आहे सगळं.


कुळागर
बुधवार, १७ सप्टेंबर, सकाळी ९:२०

आबोलीताई, तिथेच तर घोळ आहे. लेक यूट्यूबवर वळणं कशी घ्यायची ते बघून सोफ्यावर सराव करतेय. तिला लोळून भागणार नाही.

खडप, उत्तराखंडात औलीला कृत्रिम बर्फाची यंत्रं आहेत ना? मग तिथे निसर्गावर अवलंबून राहायला नको.


खडप
बुधवार, १७ सप्टेंबर, सकाळी १०:०५

यंत्र म्हणजे जादू नव्हे. ती तोफ हवेत पाण्याचा बारीक फवारा मारते, आणि तो जमिनीवर पडेपर्यंत गोठावा लागतो. त्यासाठी हवा थंड हवीच, शिवाय कोरडी हवी. ओल्या फडक्याच्या तापमापकावर (हवा जितकी कोरडी, तितका तो साध्या तापमापकापेक्षा कमी दाखवतो) साधारण उणे दोनच्या खाली गेल्याशिवाय चांगला बर्फ होत नाही. हवा कोरडी असेल तर शून्याच्या किंचित वरही जमतं, दमट असेल तर शून्यालाही नाही. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी ही सोय केली होती. तरी २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. त्याआधी जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, तेव्हा रोपवेही बंद केला. आणि वहिनींच्या यादीतलं हॉटेल तुला तिथे मिळणार नाही.


भूगोलमास्तर
बुधवार, १७ सप्टेंबर, दुपारी ४:३०

डिचोलीहून एका निवृत्त शिक्षकाचं दोन पैशांचं.

आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, तो साधारण वेळापत्रक पाळतो. काश्मीरचा बर्फ भूमध्य समुद्राकडून येतो. तिकडे तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेच्या उंच वाऱ्यांवर बसून इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाला धडकतात. बातम्यांत वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते हेच. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, पण सगळे सारखे नसतात. एखादा नुसता ढग दाखवून जातो, एखादा उत्तरेकडून निघून जातो, आणि एखादा दोन दिवसांत अख्ख्या खोऱ्याची दाणादाण उडवतो. २०२४ च्या डिसेंबरात शेवटच्या आठवड्यात तेच झालं, श्रीनगरची विमानं रद्द झाली, महामार्गावर गाड्या अडकल्या. त्याआधी किती दिवस लोक आकाशाकडे बघत बसले होते, हे कुणी लक्षात ठेवत नाही.

काश्मिरी लोकांचा हिशेब वेगळा आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. कलान म्हणजे कडाक्याचा काळ. या दिवसांत पडलेला बर्फ टिकतो. कुळागर, तुमची सहल चिल्लई कलान लागायच्या दोन दिवस आधी संपतेय, हे पंचांग उघडून बघा.

कुणीतरी आता ला निना, एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार किंवा गरम होणं) काढील, म्हणून आधीच सांगतो. एल निनोच्या वर्षी वायव्य हिमालयात हिवाळी पाऊस-बर्फ वाढतो असा एकंदर कल मानतात. २०२३-२४ चा हिवाळा एल निनोचा होता, आणि वर खडप यांनी सांगितलेला कोरडा जानेवारी त्याच हिवाळ्यातला. तेव्हा सप्टेंबरात बसून डिसेंबरच्या एका आठवड्याचं भाकीत कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करावा. अंदाज भरवशाचा मिळतो तो पाच-सात दिवस आधी.


घुमट
बुधवार, १७ सप्टेंबर, सायंकाळी ५:१०

मास्तर, साष्टांग नमस्कार. 

म्हणजे हे आपल्या शॅकवाल्यांसारखंच झालं. ऑक्टोबर उजाडला, परवाना हातात, पण परतीचा पाऊस हलत नाही. वाळूत बांबू रोवायचे की नाही ते आभाळ ठरवणार.


तारवटी
गुरुवार, १८ सप्टेंबर, पहाटे २:४०

घुमटा, बरोबर बोललास.

आल्प्सचं मी सांगतो. आधी जहाजावर होतो, आता बरीच वर्षं हिवाळ्याचा हंगाम इकडच्या हॉटेलांच्या किचनात जातो. (नाव-गाव विचारू नका, शेफ मराठी वाचत नाही पण एचआरचं सांगता येत नाही.)

पहिली गोष्ट, नावाला भुलू नका. किट्झब्यूल जगप्रसिद्ध, पण गाव ७६० मीटरवर. ग्श्टाड श्रीमंतांचं, ते १०५० च्या आसपास. डिसेंबरात इथे हिरव्या कुरणातून तोफांनी मारलेली पांढरी पट्टी खाली येताना दिसते, आणि त्या पट्टीवरून सगळी गर्दी. २०२३ चं नवं वर्ष तर असं उजाडलं की जानेवारीत स्वित्झर्लंडच्या आडेलबोडेनची वर्ल्डकप स्की शर्यत कृत्रिम बर्फावर घेतली, दोन्ही बाजूंना गवत.

डिसेंबरच्या मध्यावर यायचंच असेल तर उंचीच्या मागे जा. व्हाल तोराँ, फ्रान्स, गावच २३०० मीटरवर. हिंटरटुक्स, ऑस्ट्रिया, हिमनदीवर बारा महिने स्कीइंग. झेरमाट, स्वित्झर्लंड, गाव १६०० वर पण लिफ्ट ३८८३ मीटरपर्यंत जाते, तिथेही वर्षभर स्कीइंग चालतं.

खडप यांनी शिकाऊंचा जो मुद्दा काढलाय तो मला फार आवडला, कारण इथेही तोच लागू. झेरमाटचा हिमनदीवरचा बर्फ तुमच्या मुलांसाठी नाही. पण तिथे शिकाऊंची जागा गावात नाहीच, सुनेगाला आहे, २३०० मीटरच्या जवळ. डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे तिथे नेऊन सोडते. व्हाल तोराँला शिकाऊंचे उतार गावातच, म्हणजे तेही उंचावरच. तेव्हा नकाशा उघडून शिकवणीची जागा किती मीटरवर आहे ते आधी बघायचं. हॉटेलला किती तारे हे नंतर.

आई-बाबांसाठी झेरमाट उत्तम. गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारी नाहीत. गोर्नरग्राटची दातेरी रुळांची गाडी १८९८ पासून चालतेय, ३०८९ मीटरवर नेते, गुडघे दुखत असले तरी बसल्या जागी मॅटरहॉर्न दिसतो. पण बीपी असेल तर ३८८३ ला नेण्याआधी डॉक्टरला विचारा. अफरवतलाही तेच.

आणि उंची म्हणजे पक्की हमी असंही समजू नका. झेरमाटहून इटलीत चेरविनियाला उतरणारी वर्ल्डकप शर्यत सुरू करायला निघाले. २०२२ ला बर्फ कमी म्हणून रद्द. २०२३ ला बर्फ आणि वारा जास्त म्हणून रद्द. मग शर्यतच कॅलेंडरवरून काढून टाकली. वाऱ्याने वरची लिफ्ट बंद पडली की उंचीचा काय उपयोग?

पैशाचं गणित: नाताळ ते ६ जानेवारी इथले दर आकाशाला भिडतात. त्यानंतर एकदम पडतात. जर्मन बोलणारे त्याला यानुआरलोख, म्हणजे जानेवारीचा खड्डा, म्हणतात. बर्फ बसलेला, रांगा नाहीत, आणि हॉटेल विनवण्या करतं. तू म्हणतोस ५ जानेवारीनंतर मोकळा आहेस. मग डिसेंबरच का धरून बसलायस?


कुळागर
गुरुवार, १८ सप्टेंबर, सकाळी ९:५५

डिसेंबर का, याचं खरं उत्तर म्हणजे लग्नाचा वाढदिवस १५ डिसेंबरला आहे. आणि जानेवारीतही आमच्याकडे मोरजी-मांद्र्याच्या पट्ट्यात लांब मुक्कामाचे पाहुणे असतात. पण ते भाऊ सांभाळू शकतो. नाताळात मात्र नाही.

तारवटी, किंमत बघून आलो. सहाजणांचं स्वित्झर्लंड म्हणजे गेस्टहाऊसचं छप्पर पुन्हा घालायचं राहून जाईल.


सोलकढी
गुरुवार, १८ सप्टेंबर, सकाळी ११:१५

सगळे पुरुष बर्फ मोजतायत. वहिनींना काय हवंय ते कुणी वाचलं का? गरम तलाव, स्पा, खिडकी. वर्षभर पाहुण्यांच्या चादरी मोजणाऱ्या बाईला आठवडाभर दुसऱ्या कुणीतरी चहा आणून द्यावा, यासाठी बर्फ लागत नाही. कोरड्या डिसेंबरातसुद्धा गुलमर्गचं आकाश निळंशार असतं, समोर अफरवत पांढरा, थंडी अशी की चालताना बरं वाटतं, गर्दी कमी. मी जाईन. फक्त बर्फाचे पैसे मोजणार नाही, खोलीचे मोजीन.

आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच आठवड्यात कोंबताय. आई-बाबांचा वाढदिवस १५ ला इथेच करा, मंगेशीला अभिषेक, घरी जेवण, सगळे नातेवाईक येतील. त्यांनाही तेच जास्त आवडेल, विचारून बघा. बर्फाचं मग बर्फाच्या वेळी.


वाटाड्या
गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी १:००

पणजीत तिकीट-व्हिसाचं काम करतो, जाहिरात करत नाही, म्हणून फक्त कागदाबद्दल.

‘स्नो गॅरंटी’ असं कुठे दिसलं तर बारीक अक्षरं वाचा. बहुधा अमुक टक्के लिफ्ट बंद असतील तरच लागू, आणि भरपाई म्हणजे पैसे नव्हे, तर दुसऱ्या तारखेचं कुपन किंवा शेजारच्या गावाची बस. गुलमर्गला हॉटेलाकडून एवढंच लेखी घ्या: सात-दहा दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल किंवा त्याच दरात त्याच हंगामात तारीख बदलता येईल. मास्तरांनी सांगितलेल्या अंदाजाच्या मुदतीशी हे जुळतं. सूट थोडी कमी मिळेल, मिळू दे. तोच तुमचा विमा.

खऱ्या विम्याचं: बर्फ पडला नाही म्हणून आपल्याकडची नेहमीची प्रवास पॉलिसी पैसे देत नाही. युरोपात उतार बंद राहिल्यास भरपाई देणाऱ्या पॉलिसी असतात, पण त्यांना तारखांची आणि गावाच्या उंचीची अट असते, आणि हंगामाचा अगदी सुरुवातीचा काळ बऱ्याचदा त्यात धरत नाहीत. स्कीइंगमधली दुखापत तर वेगळी विचारूनच घ्या. साहसी खेळ अनेक पॉलिसींत वगळलेले असतात.

शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्या माणसाला ९० युरो, आणि ३० हजार युरोंचं वैद्यकीय कवच लागतं. घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला हे काही नको, पण तो तुमच्याबरोबर येणाऱ्या बाकीच्यांना चालत नाही. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.


घुमट
गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी १:२२

कुळागरा, एक प्रश्न. तुझ्या मांद्र्याच्या गेस्टहाऊसची डिसेंबरातली कॅन्सलेशन पॉलिसी काय रे?


कुळागर
गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी १:४०

नॉन-रिफंडेबल. 

बस कर आता.


आबोली
गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी ३:०५

मला सोलकढीचं पटलं. एक भर घालते. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर बर्फ कमी पडण्याऐवजी जास्त पडण्याची भीती धरा. श्रीनगर विमानतळ बंद पडतो. गुलमर्गच्या पायथ्याला टंगमर्ग आहे, त्याच्या वर चढताना चाकांना साखळ्या लावाव्या लागतात, तुमची गाडी तिथेच थांबवून स्थानिक गाडीत बसवतात. म्हणून शेवटची रात्र गुलमर्गला नको, श्रीनगरला घ्या. श्रीनगरहून परतीचं विमान आणि पुढचं मोपाचं (गोव्याचं) विमान एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. २०२५ च्या जूनपासून कटरा-श्रीनगर वंदे भारत रेल्वे सुरू झालीय, अगदीच अडकलात तर जम्मूच्या बाजूला उतरायला तोही मार्ग आहे.

आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. निदान एक पोस्टपेड बरोबर ठेवा. आणि लोकरीचे मोजे इथे शोधू नका, पणजीच्या बाजारात दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.


खडप
गुरुवार, १८ सप्टेंबर, रात्री १०:१८

कुळागर, मग माझं सरळ मत. २६ जानेवारी सोमवारी आहे. त्या लांब सुटीची गर्दी उतरू दे आणि मंगळवारी २७ ला निघ. चिल्लई कलानचे शेवटचे दिवस आणि खुर्दची सुरुवात तुला मिळेल. कार्निव्हल १४ फेब्रुवारीला आहे, त्याच्या बराच आधी तू मांद्र्याला परत. मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये. जानेवारी २०२४ सारखा कोरडा गेला तर? जाऊ शकतो. म्हणून वाटाड्याने सांगितलेली तारीख बदलायची अट सोडू नकोस.

जायच्या आधी काय बघायचं: हॉटेलाने पाठवलेले फोटो नाही. कालचा व्हिडिओ मागव, मैदानातला, आणि त्यात माणूस उभा असलेला, म्हणजे बर्फ घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत ते कळतं. संकेतस्थळांवर ‘स्नो डेप्थ’ म्हणून एकच आकडा दिला असेल तर तो बहुतेक डोंगरमाथ्याचा असतो. तुला खालचा हवा.

आणि हॉटेलाइतकाच पैसा चांगल्या शिक्षकावर टाक. टंगमर्गच्या भागातली पोरं बर्फावरच वाढलेली आहेत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा गेलेला आरिफ खान तिकडचाच.


कुळागर
रविवार, ५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

१५ डिसेंबर घरीच. सोलकढीने सांगितलं तसं आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘मला वाटलं तुम्हाला बर्फातच करायचंय म्हणून मी गप्प होते.’ काश्मीरचा वादही त्यातच मिटला. आईची अट एकच, घोड्यावर बसवायचं नाही.

गुलमर्ग २७ जानेवारी ते १ फेब्रुवारी, मग दोन रात्री श्रीनगर. हॉटेल तेच. दोन दिवस घासाघीस केली. शेवटी मी सांगितलं की मीही याच धंद्यात आहे, आणि नॉन-रिफंडेबल कधी आणि कुणासाठी वाकतं ते मला ठाऊक आहे. पलीकडचा मॅनेजर हसला. दहा दिवस आधीपर्यंत तारीख बदलता येईल, दर तोच, हे ईमेलवर आलंय. सूट निम्मी झाली. वहिनीसाहेबांची, म्हणजे माझ्या बायकोची, संमती आहे, कारण तलाव आणि स्पा बर्फावर अवलंबून नाहीत, हे तिने स्वतः हॉटेलला फोन करून पक्कं केलं.

खडप, आता दोन प्रश्न. गंडोलाची तिकिटं कधी काढू? आणि मुलांना दिवसाला किती तास शिकवणी लावू?


खडप
रविवार, ५ ऑक्टोबर, रात्री १०:०७

छान झालं.

गंडोलाची तिकिटं ऑनलाइन, केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. तुझी तारीख उघडली की लगेच काढ, हंगामात संपतात. गेटवर कुणी ‘सोय करतो’ म्हणाला तर पुढे चालायला लाग. फेज वन सगळ्यांची काढ. फेज टूची आत्ता नको, वाऱ्याने बंद असू शकते, आणि आई-बाबांना ३९५० मीटरवर न्यायचं की नाही ते तिथे दोन रात्री झोपून, त्यांना कसं वाटतंय ते बघून ठरव.

शिकवणी सकाळी दोन तास, दुपारी एक, मुलाला तर दुपारी नकोच. पहिल्या दिवशी नुसतं पडायला आणि उठायला शिकवतात, लेकीला ते आधीच सांगून ठेव, सोफ्यावरच्या वळणांची वेळ तिसऱ्या दिवशी येईल. बूट भाड्याने घेताना घाई करू नको. पायाची बोटं पुढे टेकतायत पण टाच वर उचलत नाही, असा बूट मिळेपर्यंत बदलून माग. मोजा एकच, पातळ, लांब. दोन-दोन मोजे घातले की पाय घामेजतात आणि मग गारठतात.


घुमट
रविवार, ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

२७ जानेवारीला तू तिकडे. म्हणजे गेस्टहाऊस भावाकडे. त्याचा नंबर व्यनित पाठव, पुण्याचे पाहुणे येतायत माझे. रद्द करता येणारं बुकिंग हवं.